मूल्यमापनाचं सॉफ्टवेअर : ग्रामीण विदर्भातल्या कॉलेजांनी नेमकं काय घ्यावं, काय टाळावं?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात महाविद्यालय विकास समितीची बैठक आहे आणि पाच वर्षांच्या आराखड्यात 'मूल्यमापनाचे डिजिटायझेशन' हा विषय आलाय. एका कंपनीचा माणूस येऊन सादरीकरण करून गेला. हजेरी, अंतर्गत गुण, सीओ-पीओ अटेनमेंट (पेपरातून नि पदवीतून पोराला जे यायला हवं ते किती साधलं), नॅक या कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचे तक्ते, सगळं एका कळीवर मिळेल म्हणाला. संस्थेच्या मंडळींना पसंत पडलं. प्राचार्य म्हणतात, नॅकची फेरी तोंडावर आली आहे, घेऊन टाकू.

माझा तंत्रज्ञानाला विरोध नाही. आमची गरजच तशी झाली आहे. २०२४-२५ पासून संलग्नित कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी (कौशल्यं, भाषा, मूल्यशिक्षण यांचे पेपर) असे एका सत्रात इतके पेपर, आणि प्रत्येकाचे अंतर्गत गुण वेगळे. विज्ञान शाखेच्या एकेका शिक्षकाकडे गुणांच्या सात-आठ याद्या असतात. त्यात कापूस वेचणीचे दिवस आले की निम्मा वर्ग शेतात, मग चाचणी पुन्हा घ्या, यादी पुन्हा करा.

पण एक गोष्ट मला सारखी खुपते. अंतर्गत चाचणीचा पेपर तपासून झाला की तो कपाटात जातो, नॅकची समिती येईपर्यंत. पोराला मार्क कळतात, चूक कळत नाही. त्या कंपनीच्या सादरीकरणात प्राचार्यांसाठी डॅशबोर्ड होता, नॅकसाठी अहवाल होता. पोरासाठी काय, असं विचारलं तर 'मार्कलिस्ट मोबाईलवर दिसेल' म्हणाला.

ज्यांनी असं काही वापरलंय त्यांनी अनुभव सांगा. आणि आराखड्यात आम्ही काय लिहावं, तेही सांगा.

खेड्यातला_कारकून
सर, परीक्षा विभागात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. सॉफ्टवेअर घेतल्याने काम कमी होतं हे पहिल्या वर्षी विसरा. पहिल्या वर्षी दोन्ही करावं लागतं, रजिस्टरही आणि सॉफ्टवेअरही. कारण विद्यापीठाचं पोर्टल वेगळं, कॉलेजचं वेगळं, एबीसीचं (पोरांच्या क्रेडिटची बँक) आणखी वेगळं. एकात भरलेलं दुसऱ्यात जात नाही.

एबीसीचं म्हणाल तर २०२१ पासून ही क्रेडिट बँक आहे, प्रत्येक पोराचा बारा अंकी आयडी. आता आमच्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, बापाचं नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर. लग्न झालेल्या पोरींचं तर विचारूच नका. ते जुळत नाही तोवर क्रेडिट अधांतरी. आराखड्यात पहिली ओळ ही लिहा की प्रवेशाच्या दिवशीच नाव जुळवून घ्यायचं आणि त्यासाठी एक माणूस खिडकीवर बसवायचा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

नागपुरी_तर्री
मूळचा काटोलचा, सध्या पुण्यात असल्याच प्रकारच्या कंपनीत आहे. (पैनगंगाकाठ सरांकडे आलेली कंपनी आमची नाही, आधीच सांगतो.)

कंपनीवाल्याला दोष देण्याआधी एक बघा. तो तेच दाखवतो जे विकत घेणारा मागतो. आम्हाला कॉलेजांकडून मागणीपत्र येतं त्यात 'नॅकचे सातही निकष' असं ठळक लिहिलेलं असतं. विद्यार्थ्याला शेरा कसा पोचेल, हे विचारणारं पत्र मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही विचारा, कंपन्या देतील. अवघड नाही ते.

निवृत्त_प्राचार्य_वाशीम
वर नागपुरी_तर्री यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. थोडं सविस्तर लिहितो.

नॅक १९९४ साली स्थापन झालं. आमच्या भागातली कॉलेजं सुरुवातीला त्याला घाबरत, पण त्या निमित्ताने आपल्याकडे काय आहे नि काय नाही याची चर्चा तरी व्हायची. २०१७ मध्ये पद्धत बदलली. गुणांचा मोठा भाग ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर ठरू लागला. तेव्हापासून कॉलेजं कागद जमवायच्या मागे लागली. संलग्नित महाविद्यालयांना अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या दुसऱ्या निकषाला १००० पैकी ३५० गुण होते, सगळ्यात जास्त. ते योग्यच होतं. पण ते ३५० गुण मिळवण्यासाठी शिकवणं सुधारावं लागतं असं फार थोड्यांना वाटलं. बहुतेकांनी फाइल सुधारली.

सहाव्या निकषात धोरण आणि त्याची अंमलबजावणी मागतात. तिथेही तसंच. आराखडा आधी आणि काम नंतर असं व्हायला हवं. आपल्याकडे पाच वर्षं जे घडलं ते पाहून शेवटच्या महिन्यात आराखडा लिहितात. पैनगंगाकाठ, तुमची संधी अशी आहे की तुमचा आराखडा खरंच आधी लिहिला जातोय. ती वाया घालवू नका. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विकास समितीत आयक्यूएसी समन्वयकाला जागा दिली आहे, विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवालाही. त्या पोरांना बैठकीत बोलू द्या. मिनिट बुकात त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहा.

वऱ्हाडीमाणूस
म्या काई प्राध्यापक नाई. अकोला जिल्ह्यात शेती हाय, पोरगी बीएस्सीले हाय तालुक्याच्या कॉलेजात. मले एकच सांगाचं हाय. तुमी जे काई मोबाईलवर टाकसान थे टाका, पण घरात मोबाईल एकच असते हे ध्यानात ठेवा. थो मायाजवळ असते, वावरात. पोरीले टेस्टची लिंक दुपारी दोन वाजता आली अन् म्या संध्याकाळी घरी आलो. तिची टेस्ट गेली. सरांनी पुन्हा घेतली, भले मानूस होते. पण तुमच्या त्या सॉफ्टवेअरात 'बाप वावरात होता' असं कारण टाकाची सोय हाय का?

पैनगंगाकाठ
@वऱ्हाडीमाणूस काका, हे मी बैठकीत जसंच्या तसं मांडणार आहे. चाचणीची खिडकी दोन तासांची न ठेवता दोन दिवसांची ठेवायची, किंवा कॉलेजच्या संगणक कक्षातच घ्यायची. लिंक घरी पाठवायचीच नाही.

भामरागडचा_रस्ता
काकांना +१. आमच्याकडे तर दोन दिवसही पुरत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीचं वेळापत्रक असतं. २०११ मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हा लोकांची एक आशा ही होती की इथला पाऊस, इथलं जंगल, इथलं अंतर धरून वेळापत्रक बनेल. कॉलेजच्या पातळीवर तर ते आपल्याच हातात आहे. अंतर्गत चाचणीची तारीख आपणच ठरवतो ना? मग ती पुराच्या, वेचणीच्या, धान कापणीच्या दिवसांत ठेवायची गरज काय?

मी माझ्या विषयात एवढं करतो. चाचणी कागदावर. पोरं गावाहून येतील तेव्हा तीन-चारच्या गटात देतात, प्रश्नांचे दोन-तीन संच असतात. गुण मी नंतर लॅपटॉपवर भरतो. तंत्रज्ञान माझ्या टेबलावर राहतं, पोराच्या डोक्यावर येत नाही.

सांख्यिकी
वर्ध्याकडे शिकवते. सीओ-पीओचा विषय निघाला आहे तर त्यातली गोम सांगते, कारण कंपनीचं सादरीकरण तिथेच डोळे दिपवतं.

सीओ म्हणजे त्या पेपरातून पोराला काय करता यायला हवं, ते. पीओ म्हणजे पूर्ण पदवीतून काय यावं, ते. तक्त्यात दोन्हींचा संबंध १, २, ३ असा लिहितात. मग कॉलेज आपलं लक्ष्य ठरवतं. उदाहरणार्थ, ६० टक्के पोरांनी निम्म्याहून जास्त गुण मिळवले तर पातळी २. इथवर ठीक.

आता बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये काय भरतात? ३० पैकी एकूण गुण. एकच आकडा. त्या एका आकड्यातून सॉफ्टवेअर पाच सीओंचं अटेनमेंट काढतं आणि पाचही रकान्यांत तीच किंमत येते. रंगीत आलेख निघतो. त्यावरून पोरांना ग्राफ काढता येत नाही की सूत्र मांडता येत नाही, काहीच कळत नाही. उपयोग हवा असेल तर गुण प्रश्नवार भरले पाहिजेत. १अ ला किती, १ब ला किती. कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा, प्रश्नवार गुण भरायची सोय आहे का, आणि एक्सेलमधून एकदम चढवता येतात का.

यासाठी सॉफ्टवेअर लागतंच असंही नाही. साध्या शीटमध्ये रांगेत पोरं, रकान्यात प्रश्न. रकान्याखाली सरासरी काढली की संध्याकाळी चहा होईपर्यंत दिसतं की वर्ग कुठे अडकलाय.

एमएससी_करतेय
विद्यार्थ्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बीएस्सीला असताना एका पेपरात अपेक्षेपेक्षा फार कमी मार्क आले. छायांकित प्रत मागवली. पैसे भरले, बरेच दिवसांनी प्रत आली. एक अख्खा प्रश्न तपासलेलाच नव्हता. तपासून गुण वाढले, पण तोवर एका ठिकाणच्या प्रवेशाची मुदत निघून गेली होती.

उत्तरपत्रिका बघायचा हक्क आम्हाला आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच माहिती अधिकाराखाली तो मान्य केला आहे. पण विद्यापीठाच्या पेपरसाठी एवढा झगडा करावा लागतो तर निदान कॉलेजच्या चाचणीचा पेपर तरी हातात द्या ना. तो तर बाजूच्या स्टाफरूममध्येच असतो!

खेड्यातला_कारकून
ताई, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आणि नेमकी हीच चूक स्क्रीनवर पेपर तपासला तर होत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

ते काम मी जवळून पाहिलंय. उत्तरपत्रिकेचा शिवणीकडचा भाग कापतात, सुटी पानं स्कॅनरमधून जातात, पहिल्या पानावरच्या बारकोडमुळे पोराचं नाव झाकलेलं राहतं. तपासणाऱ्याला प्रत्येक पान उघडावंच लागतं, कोरं असलं तरी. एखादा प्रश्न गुणांविना राहिला तर संगणक पेपर पुढे सरकू देत नाही. बेरीज संगणक करतो. म्हणजे न तपासलेला प्रश्न आणि चुकलेली बेरीज, ही पुनर्मूल्यांकनातली दोन मोठी कारणं तिथेच निकालात निघतात.

पण स्कॅनरपाशी बसणारा माणूस घाईत असला की पेन्सिलीने काढलेली आकृती फिकट येते, पुरवणी टाचणीतून सुटून दुसऱ्याच गठ्ठ्यात जाते. आमच्या पोरांना आम्ही सांगतो, आकृतीची बाह्यरेषा ठळक काढा आणि पुरवणीवर नंबर स्वतः लिहा.

आणि घाई कधीच करू नका. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांचे पेपर एकाच हंगामात स्क्रीनवर तपासायला घेतले. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. निकाल कित्येक महिने लांबले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पद्धत वाईट नव्हती. एक शाखा, एक सत्र असं करत गेले असते तर तीच पद्धत नावाजली गेली असती.

मेळघाटची_मॅडम
धारणीकडे राज्यशास्त्र शिकवते. सगळे लेखी पेपरबद्दल बोलताय म्हणून वेगळं सांगते.

माझ्या वर्गात बरीच मुलं घरी कोरकू बोलतात. मराठी त्यांनी शाळेत शिकली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यावर प्रश्न दिला तर एक मुलगा दोन ओळी लिहितो. त्याला समोर बसवून विचारलं तर वनहक्क समिती कशी निवडतात, दाव्याला कोणता पुरावा जोडतात, ग्रामसभेत ठराव कसा होतो, हे सगळं तो सांगतो, कारण त्याच्या गावाने दावा केलाय. दोन ओळींना मी ३ गुण देऊ की त्याला जे येतं त्याला ८?

मी अंतर्गत गुणांतला एक भाग तोंडीवर ठेवलाय. पाच मिनिटं एकेकाला. चार मुद्दे आधीच ठरवलेले, त्यांचा कागद भिंतीवर लावलेला, म्हणजे मॅडमने मर्जीने दिले असं कुणी म्हणायला नको. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करते, मुलाला विचारून. नंतर त्याला त्याचंच बोलणं ऐकवते आणि म्हणते, आता हे लिही. पहिल्यांदा लिहितो ते अर्धं पान होतं. मला विचाराल तर हेच माझं मूल्यमापन तंत्रज्ञान आहे, आणि त्याला स्वतंत्र खरेदी लागली नाही.

झाडीपट्टी
मॅडम, मनापासून नमस्कार तुम्हाला. गोंदियाकडे वाणिज्य शिकवतो. तोंडीची गरज आता सगळ्यांनाच पडणार आहे. घरी लिहून आणायची असाइनमेंट आता संपल्यात जमा आहे. पोरं मोबाईलवर एआयला विचारतात आणि सुंदर अक्षरात उतरवून आणतात. मागच्या सत्रात पंधरा-वीस असाइनमेंट 'आजच्या गतिमान युगात' याच शब्दांनी सुरू झाल्या होत्या. आमच्या गावात गतिमान म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, सकाळची एसटी, आणि तीही सुटली की दुपारपर्यंत काही नाही.

पण पोरांवर चिडून उपयोग नाही. मी विषय बदलला. 'गावातल्या एका दुकानाचा आठवड्याचा जमाखर्च बसवा, दुकानदाराशी बोलून.' आता एआयला त्या दुकानदाराची उधारी माहीत नाही. वही बघायची आणि दोन प्रश्न तोंडी विचारायचे. एका मुलीने किराणावाल्याला दाखवून दिलं की त्याने जुनी येणी नफ्यातच धरली होती. तिला पूर्ण गुण.

नागपुरी_तर्री
सगळं फार सुंदर आहे, पण मला इथे थोडं भांडायचंय.

मेळघाटच्या मॅडम, सांख्यिकी मॅडम, भामरागडचे सर, तुम्ही करता ते तुमच्या बळावर. उद्या तुमची बदली झाली, निवृत्त झालात, की ते कॉलेजात राहत नाही. तुमची शीट तुमच्या लॅपटॉपवर. यंत्रणा म्हणजे माणूस बदलला तरी काम चालणं. आणि 'फुकटात होतं' हेही अर्धंच खरं आहे. मूडल हे ऑनलाइन वर्ग नि चाचण्यांचं सॉफ्टवेअर घ्या, २००२ पासून आहे, मुक्त आहे, जगभर चालतं. पण सर्व्हर कोण सांभाळणार? बॅकअप कोण घेणार? मी अशी कॉलेजं पाहिली आहेत जिथे एका उत्साही सरांनी मूडल उभारलं, ते सर गेले, पासवर्डही त्यांच्यासोबत गेला.

सांख्यिकी
@नागपुरी_तर्री मुद्दा मान्य. म्हणूनच आराखडा लागतो. पण आधी विकत घ्यायचं आणि मग सवय लावायची, हा क्रम उलटा आहे. सवय शीटवर लागते. जी सवय लागली तिच्यासाठी यंत्रणा घ्या.

मूडलबद्दल एक चांगलं सांगायचंय. त्यात क्विझ घेतली की प्रत्येक प्रश्नाची सोपेपणाची टक्केवारी आणि भेददर्शकता (प्रश्न हुशार नि कच्च्या पोरांत फरक दाखवतो का) आपोआप मिळते. दुसरी गोष्ट फार कामाची. हाताने करायची असेल तर गुणांप्रमाणे पेपर लावायचे, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे. प्रश्न वरच्यांपैकी किती जणांना आला, खालच्यांपैकी किती जणांना, याची वजाबाकी करून एका गटाच्या संख्येने भागायचं. उत्तर उणे आलं तर प्रश्नातच खोट आहे.

एका कार्यशाळेत आलेलं उदाहरण देते. प्रश्न होता, 'कपाशीचे शास्त्रीय नाव कोणते?' पर्यायांत गॉसिपियम हिर्सुटम होतं आणि गॉसिपियम अर्बोरियमही होतं. उत्तरसूचीत हिर्सुटम. ६० पोरांपैकी वरच्या १६ मध्ये ७ बरोबर, खालच्या १६ मध्ये ९. म्हणजे उणे ०.१२५. कारण काय? आज शेतात दिसते ती बीटी बहुतेक हिर्सुटम, पण आपली देशी कपाशी अर्बोरियम आहे. दोन्ही कपाशीच. ज्याला जास्त माहीत होतं तोच अडखळला. असा प्रश्न वर्षानुवर्षं प्रश्नपेढीत पडून होता आणि शहाण्या पोरांचा गुण कापत होता.

वऱ्हाडीमाणूस
आमच्या आजानं जलमभर देशी कपाशीच पेरली, मॅडम! त्या पोट्ट्यायले मार्क द्या.

खेड्यातला_कारकून
काकांना जोरदार अनुमोदन. पुनर्मूल्यांकनाची फी माफ.

दृष्टीपलीकडे
मी पूर्ण अंध आहे, अमरावती विद्यापीठातून पदवी घेतली, आता बँकेत नोकरी करतो. तुमच्या आराखड्यात माझ्यासारख्यांसाठी एक ओळ हवी.

एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी वाचतं. पण प्रश्नपत्रिका फोटो काढून चढवली तर ते गप्प बसतं. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर अर्थहीन अक्षरं वाचतं. युनिकोडमध्ये असेल तर मी डोळस मुलाइतक्याच वेगाने परीक्षा देऊ शकतो, लेखनिक शोधत फिरावं लागत नाही. लेखनिक म्हणून खालच्या वर्गातलं पोर मिळवायला मी किती घरांचे उंबरे झिजवले असतील. 'युनिकोड आणि पडदावाचकाला चालेल असं' एवढे शब्द कंपनीच्या करारात घाला.

झाडीपट्टी
कृतीदेववरून आठवलं. आमची दहा-बारा वर्षांची प्रश्नपेढी त्याच फॉन्टात आहे. मूडलमध्ये चिकटवली की सगळा घोळ. काय करता येईल?

नागपुरी_तर्री
@झाडीपट्टी सर, युनिकोडमध्ये बदलून देणारे मोफत कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. मग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये 'आयकेन' पद्धतीने लिहा. वर प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. पर्यायांची अक्षरं आणि उत्तराचा शब्द मात्र रोमनच लागतो, बाकी सगळं मराठीत चालतं. शंभर प्रश्न एका दमात आत जातात.

@दृष्टीपलीकडे, ही अट मी आमच्या कंपनीच्या प्रस्तावाच्या नमुन्यात आजच घालतो.

निवृत्त_प्राचार्य_वाशीम
करारावर बोलणं चाललंय तर माहितीच्या मालकीचंही बघा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि पालकाची संमती मागतो. आपल्याकडे बारावी होऊन प्रथम वर्षाला येणारी कितीतरी पोरं सतरा वर्षांची असतात. त्यांचे गुण, जात, आधार, घरचं उत्पन्न, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. करार संपला की सगळी माहिती उघड्या स्वरूपात परत मिळेल आणि त्यांच्याकडची पुसली जाईल, हे लिहून घ्या. वार्षिक देखभालीचा खर्च कोणत्या फंडातून, तेही आधी ठरवा. पहिल्या वर्षाचे पैसे देणगीतून येतात, तिसऱ्या वर्षी कुणी देत नाही आणि पाच वर्षांची गुणपत्रकं अडकून पडतात.

रानभूल
एवढं सगळं वाचलं. कुणीच हे लिहिलं नाही की हे करणार कोण? मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. तासांचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने रखडतात. प्रश्नवार गुण भरणं, तोंडी घेणं, ध्वनिमुद्रण ऐकवणं, याचे तास कुठे मोजले जातात? आमच्या विभागात एक पूर्णवेळ शिक्षक आहेत, बाकी आम्ही. उत्साह आहे हो, पण पोट आहे.

मेळघाटची_मॅडम
@रानभूल, तुम्ही म्हणता ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. पूर्ण पगार घेणाऱ्यांनी मूल्यमापनावर प्रवचन द्यायचं आणि काम सीएचबीवाल्यांनी करायचं, हे मला मान्य नाही. कॉलेजच्या पातळीवर एवढं होऊ शकतं की सॉफ्टवेअरला जे पैसे ठेवलेत त्यातला काही भाग तपासणीच्या मानधनासाठी ठेवायचा. यंत्राच्या खरेदीला समिती हात सढळ सोडते, मग माणसाच्या वेळेलाही सोडावा.

एमएससी_करतेय
+१००. आम्हाला जे शिकवून गेले त्यातले निम्मे सर सीएचबीवरच होते.

पैनगंगाकाठ
मंडळी, दोन दिवस सगळं वाचतोय, प्राचार्यांनाही दाखवलं. मूळ प्रश्नावर येतो. आराखड्याचा मसुदा असा केला आहे :

यंदा खरेदी नाही. चालू सत्रात तीन विभाग (वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, राज्यशास्त्र) एका चाचणीचे गुण शीटवर प्रश्नवार भरतील. तपासलेला पेपर आठ दिवसांच्या आत विद्यार्थ्याच्या हातात जाईल, तो पाहून सही करून परत देईल, मग कपाटात जाईल. नॅकला पुरावा हवाच असतो, ती सहीच पुरावा. ज्या प्रश्नात निम्म्याहून जास्त वर्ग अडला त्यावर एक तास पुन्हा घ्यायचा आणि तो तास वेळापत्रकात दाखवायचा, सीएचबी शिक्षकाचा असेल तर त्याचं मानधन महाविद्यालय निधीतून. चाचण्यांच्या तारखा वेचणी आणि सणवार बघून विद्यार्थी परिषदेसोबत ठरवायच्या.

दुसऱ्या वर्षी प्रश्नपेढी युनिकोडमध्ये आणि संगणक कक्षात मूडल, दोन माणसांकडे पासवर्ड, एक कार्यालयातला आणि एक शिक्षक. कंपनीकडून काही घ्यायचं झालं तर तिसऱ्या वर्षी, वर आलेल्या अटींसह : प्रश्नवार गुण, एक्सेलमधून आत-बाहेर, पडदावाचक, डेटा परत. आणि एक अट माझी. विद्यार्थ्याच्या पडद्यावर एकूण गुणांच्या आधी शिक्षकाचा शेरा दिसला पाहिजे.

प्राचार्य आधी म्हणाले, नॅकला काय दाखवणार? मी त्यांना सांख्यिकी मॅडमचं कपाशीचं उदाहरण वाचून दाखवलं. ते स्वतः वनस्पतिशास्त्राचे. दहा मिनिटं त्यावरच बोलत होते. मग म्हणाले, ही शीट माझ्या पेपरलाही लावा. संस्थेचे सचिव अजून राजी नाहीत, त्यांना कंपनीचं सादरीकरण डोळ्यांसमोर आहे. बैठकीत झुंज होणार.

भामरागडचा_रस्ता
सर, तारखांचा मुद्दा मसुद्यात आला याचा फार आनंद झाला. आमच्या प्राचार्यांनाही हा परिच्छेद पाठवतोय.

खेड्यातला_कारकून
आणि प्रवेशाच्या दिवशी नाव जुळवायचं? ते राहिलं की मसुद्यात!

पैनगंगाकाठ
घालतो. खिडकीवर माणूसही देतो. सांख्यिकी मॅडम, तुमच्या शीटचा नमुना मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सांख्यिकी
व्यनि केला आहे. एकच सांभाळा. 'कोणतेही दोन सोडवा' असा प्रश्न असेल तर पोराने न सोडवलेल्या प्रश्नापुढे शून्य भरू नका, खाना रिकामा ठेवा. शून्य भरलं की सरासरी खाली येते आणि जो प्रश्न कुणी निवडलाच नाही तो वर्गाला जमला नाही असं दिसतं. रानभूल यांनाही शीट पाठवली आहे, तुमच्या विभागाच्या पेपरनुसार रकाने बदलून घ्या.